सहा म्हणजे साडेसहा

सुलभा, तू पुन्हा मला न घेता निघालीस.

सतीशभावजींचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "अंजली, सुलभा गेली," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी म्हटलं, "अहो, पण माझं तिकीट काढलंय." तुझा नवरा रडतोय आणि फोनवरची बाई तिकिटाचं बोलते! पण तोंडातून तेच निघालं. तिकीट खरंच काढलं होतं, दसऱ्यानंतरचं. फ्रिजवर मॅग्नेट लावून ठेवलंय, अजून तिथंच आहे. येता-जाता दिसतं आणि प्रत्येक वेळी तुझा नव्यानं राग येतो.

परवा इथं दुबईत, करामा भागात, आपल्या ग्रुपच्या बायका जमल्या होत्या, तुझ्यासाठी. तुझा तो गुलाबी साडीतला फोटो, समोर उदबत्ती, आणि एकेक जण बोलत होती. वेळेची किती पक्की होती सुलभा. कुठंही जायचं तर सगळ्यांच्या आधी हजर. आणि सगळ्यांसाठी थांबायची हो, कुणाला मागं टाकून जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि सिंकपाशी दात-ओठ खात उभी राहिले. एक बस तू माझ्यासाठी थांबवली नव्हतीस, हे त्या सगळ्या विसरल्या. मी विसरलेले नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. ते तू त्यांच्याकडून घे. माझ्याकडून हे घे.

मी दुबईच्या मनखूल भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा तू माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये होतीस. दिवसभर वरून शिवणयंत्राची घरघर यायची. नवरे दोघींचे, सतीशभावजी आणि माझा विनय, एकाच एसीच्या कंपनीत, सेल्सला. ते सकाळी एका गाडीतून जायचे आणि आपण दोघी मागं उरायचो. माझ्या पासपोर्टात व्हिसावर शिक्का होता, काम करायला परवानगी नाही. इतिहासात एम. ए. केलेलं सर्टिफिकेट सूटकेसच्या तळाशी, त्यावर लोकरीचे स्वेटर, दुबईत कधीच न लागणारे. तू पहिल्याच दिवशी माझं माप घेतलंस. टेप गळ्यात टाकून म्हणालीस, "ब्लाऊजला माया जास्त ठेवते गं. इथं सगळ्याच सुटतात. एसी, गाडी, लिफ्ट. वर्षभरात उसवायला येशील."

माया. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दुमडून ठेवलेलं ते जास्तीचं कापड. बाई सुटली की उसवायचं आणि ब्लाऊज पुन्हा अंगात येतो. तुझ्यासारखी माया ठेवणारी बाई मी पाहिली नाही. कापडात ठेवायचीस, आमटीत ठेवायचीस, कुणी अचानक आलं तर पुरावी म्हणून. आणि माझ्या बाबतीत घड्याळातही ठेवायला लागलीस. मी उशिरा येते म्हणून. मासळी बाजारात आठला जायचं असलं की मला साडेसात सांगायचं. कुणाकडं सातला हळदीकुंकू असलं की साडेसहा. एकदा मी धावतपळत खाली आले तर तू पायऱ्यांवर शेंगदाणे खात निवांत बसलेली. "आलीस? अजून अर्धा तास आहे. तुझ्या वेळेत माया धरली होती."

मग मीही शिकले. तू साडेसात म्हणालीस की मी आठ समजायची. तू सहा म्हणालीस की साडेसहा. तुला माहीत होतं मी असं करते, आणि मला माहीत होतं की तुला माहीत आहे. आपलं दोघींचं एक वेगळंच घड्याळ होतं आणि ते उत्तम चालायचं. ही सवय तू लावलीस सुलभा, मी नाही. ते आधी नोंदवून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कंपनीनं जास्त विक्री करणाऱ्यांना बायकांसकट मेक्सिकोला न्यायचं ठरवलं. समुद्रकाठचं रिसॉर्ट, निळं पाणी, पांढरी वाळू. विनयनं ब्रोशर घरी आणलं. त्यात शेवटच्या पानावर तो पिरॅमिड होता, चारी बाजूंनी वरपर्यंत पायऱ्या असलेला. एम. ए.च्या एका पुस्तकात मी त्याचं काळं-पांढरं चित्र पाहिलं होतं आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. रिसॉर्टपासून बसनं तीन तासांवर. मी ब्रोशर घेऊन तशीच वर आले, चपलाही न घालता.

तुझ्या डायनिंग टेबलावर कुणाचं तरी अस्तराचं कापड पसरलेलं होतं. ते बाजूला सारून आपण नकाशा उलगडला. "ये देख," मी म्हटलं, "हे आपलं हॉटेल, हे अवशेष. मायांचे."

"कुणाचे?"

"माया लोकांचे. माया संस्कृती."

तू खडू हातात धरून हसत सुटलीस. "म्हणजे शिवणातली माया? अगं, मग आपल्याच माहेरची माणसं ती! मला आलंच पाहिजे."

त्यानंतर दोन-तीन महिने दुसरा विषय नव्हता. आपल्या नवऱ्यांना सकाळी मीटिंग, बाकीच्या बायकांना शॉपिंग, म्हणजे आपण दोघीच जाणार. मी तुला सगळं वाचून दाखवायची. वर्षाच्या दिवसांचा हिशोब पायऱ्यांत कसा बसवलाय. ठरावीक दिवशी उन्हाची सावली पायऱ्यांवरून सापासारखी कशी उतरते. तू मशीन चालवता चालवता ऐकायचीस आणि मध्येच विचारायचीस, "वर चढायला रेलिंग आहे का?" नकाशावर टेप लावून तू अंतर मोजायचीस. मी तीन तास म्हणाले की तू साडेचार धरायचीस.

"ब्रोशरमध्ये लिहिलंय गं तीन."

"ब्रोशरवाल्याला माया ठाऊक नाही. टायर पंक्चर झाला, कुणाला बाथरूमला जायचं झालं, मग? दुपारच्या आत वर चढून खाली आलं पाहिजे. उन्हात तुझं डोकं दुखतं."

माझं डोकं दुखतं हे तुझ्या लक्षात होतं. म्हणून तर पुढचं समजत नाही.

विनय चेष्टा करायचा. "एवढ्या लांब जाऊन तुम्ही दगड बघणार? फुकटचा बीच सोडून?" तू त्याला म्हणालीस, "विनयभावजी, ती दहा वर्षं आमच्यासाठी पोह्यांना फोडणी देतेय. एक दिवस तिला दगड बघू देत." त्या वाक्यासाठी मी तुला काहीही दिलं असतं. नंतर त्याच वाक्यामुळं सगळ्यात जास्त जळले.

आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या डेस्कवर जाऊन बसची दोन्ही तिकिटं तूच घेतलीस. जेवणाच्या हॉलमध्ये गर्दीतून माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "बस सहाला. लॉबीत ये."

सहा. म्हणजे साडेसहा.

सकाळी मी तू शिवलेला सुती कुर्ता घातला, टोपी घेतली, पाण्याची बाटली भरली आणि सव्वासहाच्या सुमारास खाली आले. मनात म्हटलं, आज सुलभाला चकित करू, वेळेच्या आधी जाऊ. लॉबीत एक माणूस फरशी पुसत होता. मी त्याला बसचं विचारलं. त्यानं हातातला फडका रस्त्याच्या दिशेनं हलवला. बस गेली होती.

मला आधी वाटलं तू मागं राहिली असशील. बाथरूममध्ये असशील, बाहेर बाकावर असशील शेंगदाणे खात. मी स्विमिंग पूलपर्यंत जाऊन आले. तू नव्हतीस कुठंच. मग त्या लॉबीतल्या वेताच्या खुर्चीवर टोपी घालून बसले आणि रडले, त्या फरशी पुसणाऱ्या माणसासमोर.

संध्याकाळी तू परत आलीस, नाक उन्हानं लाल झालेलं. "अगं, मी रूमवर फोन लावला, बिझी होता. ड्रायव्हर थांबेना." फोन बिझी होता हे खरं, विनय दुबई ऑफिसशी बोलत होता. ड्रायव्हर थांबला नसेल हेही खरं. "मी तुला खरी वेळ सांगितली होती अंजे. परदेशातली बस, तिथं कशाला माया ठेवीन?" मी विचारलं, "आणि तू उतरली का नाहीस?" तू पर्स उघडून त्यातून मातीचा छोटा पिरॅमिड काढलास. "तुझ्यासाठी आणलाय."

तो मी दुबईला आणला. बाथरूमचं दार वाऱ्यानं आपटतं, ते अडवायला ठेवला. तू प्रत्येक वेळी हात धुवायला गेलीस की तो बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. मला फार बरं वाटायचं.

दुबईत आल्यावर तू फोटो दाखवायला बायकांना बोलावलंस. पिरॅमिड, त्याच्यासमोर तू. माया लोक चेंडू खेळायचे ते मोठं मैदान, त्याच्यासमोर तू. आणि तू सांगायला लागलीस, सावली सापासारखी कशी उतरते, पायऱ्यांत वर्ष कसं मोजलंय. माझे शब्द! मी मशीनशेजारी बसून वाचून दाखवलेले, जसेच्या तसे. बायका म्हणाल्या, "किती माहिती आहे गं तुला!" त्या दिवशी चहा करायचं काम माझ्याकडं होतं. तुझ्या कपात साखर घालायला मी विसरले. विसरले नव्हते.

पण अशा चहानं कुठं समाधान होतं? मला तुला तसंच बसवायचं होतं, लॉबीत, टोपी घालून. त्यासाठी मी थांबले, काही वर्षं. मग एका शुक्रवारला जोडून सुट्टी आली आणि दोन्ही कुटुंबांनी दुबईबाहेर, रास अल खैमाच्या बीच हॉटेलात राहायला जायचं ठरवलं. तिथून जवळ एका डोंगरावर जुन्या महालाचे पडके अवशेष आहेत. कुणी म्हणतं राणीचा महाल, कुणी म्हणतं किल्ला. मी म्हटलं, सुलभा, आपली राहिलेली ट्रिप करूया, सकाळी दोघींनी जायचं. तुझा चेहरा खुलला. मी टॅक्सी सहाला बोलावली आणि तुला सांगितलं सात.

सगळं ठरलं होतं. मी जाणार, वर उभी राहणार, आणि परत येऊन तुला म्हणणार, अगं, रूमवर फोन लावला, बिझी होता. सकाळी लिफ्टचं दार उघडलं तर तू समोर सोफ्यावर. पायात बूट, मांडीवर पर्स. "आज तुझ्यासाठी वेळ सांभाळायची होती ना," म्हणालीस, "म्हणून स्वतःलाच माया धरली." माझ्या मागून तुझी मेघना डोळे चोळत आली. "आई, इट्स जस्ट रॉक्स, यू नो." तू तिला म्हणालीस, "तू झोप जा. हे आमचे रॉक्स आहेत."

तुझ्यावर सूड घेणं म्हणजे एक काम होतं बाई.

टॅक्सीवाला पेशावरचा होता. पायथ्याशी गाडी थांबवून म्हणाला, "बहनजी, ऊपर कुछ नहीं है, सिर्फ पत्थर है. यल्ला, जल्दी आना, धूप हो जाएगी." आपण चढायला लागलो. अर्ध्यावर तू एका दगडावर बसलीस. श्वास लागला होता. मला वाटलं वजन. तुलाही तसंच वाटलं असेल. खाली खजुराच्या बागा, त्यापलीकडं समुद्र, आणि तू पदरानं गळा पुसत म्हणालीस, "मी तिकडंही चढले नव्हते."

"कुठं?"

"तुझ्या पिरॅमिडवर. रेलिंग नव्हतं. पाच-सहा पायऱ्या चढले आणि मागं फिरले. मग खाली झाडाखाली बसले बस निघेपर्यंत."

मग तू पुढं सांगायला लागलीस. "आणि तू विचारलं होतंस ना, उतरले का नाही. उतरले होते. एक पाय खाली टाकला होता मी. मग मनात आलं, जन्मभर सगळ्यांसाठी थांबतेय. सासूसाठी, सतीशसाठी, पोरीसाठी, तुझ्यासाठी. एकदा, फक्त एकदा, कुणासाठी थांबायचं नाही. पाय वर घेतला. आणि पोचल्यावर इतकं वाईट वाटलं की चढवेना."

तुला वाटलं मी विरघळेन. अगं, माझी आग तिथं दुप्पट झाली! सगळं जग तुझ्या थांबण्यावर जगत होतं आणि न थांबायला तुला मीच सापडले? सासू होती, सतीशभावजी होते. बरं गेलीस तर गेलीस, माझी जागा घेऊन गेलीस, मग निदान वर तरी चढायचं! झाडाखाली बसायला तुला मेक्सिको लागलं? हे सगळं मी तुला तिथं बोलले, आवाज चढवून. खालून टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. तू हसायला लागलीस, मग खोकायला, मग मीही हसले, पण राग गेला नव्हता, हे तुला माहीत असावं.

"खलास," तू म्हणालीस. "आता एक वचन देते. यापुढं खरी वेळ असेल तर तसं सांगीन. म्हणेन, अंजे, यात माया नाही."

"शपथ?"

"शपथ."

डोंगराच्या माथ्यावर मी एकटी गेले. पडक्या भिंती, एक कोरडं टाकं, थोडं गवत. तुला वर हात केला. तू खालून केलास.

त्यानंतर तुझा खोकला गेलाच नाही. तपासण्या झाल्या. तुम्ही व्हिसा कॅन्सल करून पुण्याला गेलात, उपचार तिकडं बरे म्हणून. जाताना तू शिवणयंत्र मला देऊन गेलीस आणि सांगितलंस, "शीक जरा." फोन चालूच होते. फोनचं कार्ड संपेपर्यंत बोलायचो. आणि मग उन्हाळा संपता संपता तू म्हणालीस, अगदी नेहमीच्या आवाजात, मागं कुकरची शिट्टी होत होती:

"गणपतीच्या आत ये गं."

मी म्हटलं, "येते, इन्शाल्ला."

फोन ठेवला आणि हिशोब केला. सुलभा गणपती म्हणतेय, म्हणजे दिवाळी. मुलाची परीक्षा, विनयची टूर, सगळं बसवून दसऱ्यानंतरचं तिकीट काढलं. उलट मनात म्हटलं, बघ कशी वेळेच्या आधी जातेय. गौरी गेल्या आणि पाठोपाठ तू गेलीस. थोडीशी माया होती म्हणायची तुझ्या बोलण्यात, बोटभर. तुझ्या हाताखालून इतकी कमी माया ठेवलेलं शिवण मी दुसरं पाहिलेलं नाही.

का सांगितलं नाहीस? वचन दिलं होतंस. यात माया नाही, एवढेच शब्द. मी पहिल्या विमानानं आले असते, परीक्षा गेली खड्ड्यात. मेघनाला विचारलं मी, तुझ्या आईला माहीत होतं का? ती म्हणाली, "मावशी, माहीत होतं तिला, शी न्यू. ती रोज विचारायची, अंजी कधी येतेय. आम्ही म्हणायचो, आफ्टर दसरा. मग ती हसायची फक्त." हसायचीस? मी कशी मोजलीये वेळ, हे तुला कळत होतं, आणि तू हसलीस? एक फोन करून खडसावायचं होतंस. अंजे, गाढवे, माया नाही यात, नीघ.

ते शब्द तुझ्या तोंडातून निघत नसतील. "माया नाही" असं तू मला कसं म्हणणार, तेही तेव्हा. हे मला समजतं. समजलं म्हणून राग जातो असं नाही. तू पुन्हा पाय वर घेतलास आणि मी पुन्हा त्या लॉबीत बसले आहे, टोपी घालून. आणि मला तुझी इतकी आठवण येते की मशीनवरचं कव्हर इतके दिवस काढवलं नाही.

काल शेवटी काढलं. मला तुझ्या दहाव्यासाठी पांढरा ब्लाऊज हवा होता, म्हणजे इथं घरीच, विनय आणि मी, दिवा लावायला. तुझ्या हातचा होता एक, घट्ट झालेला. शिवण उसवली. आधी एकदा उसवलेली होती, वाटलं आता काही नसेल. तर आत अजून होतं. दोन्ही बाजूंना, दुमडून, बारीक टाक्यात पक्कं धरलेलं. अजून दोनदा सुटेन एवढं कापड तू लपवून ठेवलं होतंस. मी उसवत बसले आणि तुला शिव्या घालत बसले.

आता माझा सूड ऐक. मी ते तिकीट परत करणार. त्याचे पैसे घालून, विनय काहीही म्हणो, मी मेक्सिकोला जाणार. रेलिंग असो नसो, वरपर्यंत चढणार. वरून फोटो काढणार आणि तो कुणाला दाखवणार नाही. तो मातीचा पिरॅमिड बाथरूमच्या दाराशीच राहील. पोह्यांना फोडणी देत मी खूप जगेन, ब्लाऊज घट्ट होत राहतील, उसवत राहीन. तू मात्र तिकडं पोचली असशील, सगळ्यांच्या आधी, मांडीवर पर्स घेऊन, दाराकडं बघत. बस तशीच. सवय आहे तुला, सगळ्यांसाठी थांबायची. वर कुणाला विचारलंस तर ते सांगतील अंजली येतेय, लवकरच.

त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या वेळेत भरपूर माया आहे.